मेलेल्याने हलायचं नाही

"तू आणि मेलेला? अरे, तुला झोपेतसुद्धा गप्प पडता येत नाही!" असं म्हणत पोम्पेओ न्हाव्याने ओरोन्झोच्या गळ्यावर वस्तरा टेकवला. "आता हलू नकोस, कुम्पा. नाहीतर पैज लागायच्या आधीच जिंकून बसशील."

दारात उभी असलेली इम्माकोलाता खिदळली. बाकावर पेपर वाचत बसलेला बँडमास्तर नुन्त्सिओ पेपराच्या आडून हसला. ओरोन्झो तेवढा हसला नाही, कारण वस्तरा त्याच्या गळ्यावर होता.

पोम्पेओने ओरोन्झोच्या पोराला, फेदेलेला, बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरलं होतं. तेव्हापासून दोघं एकमेकांचे कुम्पा. ते नातं सख्ख्या भावापेक्षा घट्ट, आणि भांडणं मात्र सवतींसारखी.

अडचण अशी होती की यंदा गावाकडे मुडदा नव्हता.

कार्निव्हलच्या शेवटच्या मंगळवारी दक्षिण इटलीतल्या गाल्लीपोलीच्या जुन्या गावातून तितोरूची अंत्ययात्रा निघते. तितोरू म्हणजे फौजेतून सुट्टीवर घरी आलेला हावरट पोरगा. आईने केलेले मटणाचे गोळे तो बकाबका गिळतो, घास अडकतो आणि मरतो. मग त्याला उघड्या पेटीत घालून गाडीवरून गावभर फिरवतात. बँड वाजतो, आणि मिश्यावाले बाप्ये काळे घागरे नेसून छाती बडवत मागून चालतात. यंदा मुडदा म्हणून ठरलेल्या पोराला मिलानोच्या हॉटेलात नोकरी लागली आणि तो पळाला. गाडी तयार, पेटी तयार, गळा काढणारे तयार. मरायलाच कुणी नाही.

एके काळी हे काम ओरोन्झोचं होतं. धक्क्यावर बसून जाळी विणणं हा त्याचा धंदा, पण गावात नाव होतं ते मुडदा म्हणून. तेही वाईट मुडदा म्हणून! एका वर्षी त्याने लोकांनी फेकलेलं सॉसेज पेटीतूनच दातांत झेललं. एका वर्षी खोट्या पाद्रीबाबाचा झगा ओढून विचारलं, "वर दारू मिळते का हो?" चर्चच्या चौकापर्यंत तो कधी मेलेला पोचलाच नाही. आणि दर वर्षी त्याची बायको कोन्सिल्या घराच्या उंबऱ्यावर बसून पोट धरधरून हसायची. इतकी, की गाडी पुढे गेली तरी बँडच्या वर तिचा आवाज ऐकू यायचा.

मग फेदेले गेला, आणि ओरोन्झोने मरणं सोडलं.

"पूल ओलांडल्यापासून सांता आगाता चर्चच्या चौकापर्यंत," पोम्पेओ म्हणाला, "हसायचं नाही, शिंकायचं नाही, पापणी हलवायची नाही. मेलेला म्हणजे मेलेला. जमणारच नाही तुला. मेलास तरी तू..."

तो थांबला. नुन्त्सिओचा पेपर खाली आला. इम्माकोलाताने उगाचच रस्त्याकडे पाहिलं. गेली दोन वर्षं त्या दुकानात ओरोन्झो खुर्चीत असला की खऱ्या मरणाचा विषय कुणी काढत नसे. कुणाचा बाप वारला, कुणाचं मांजर गेलं, सगळं तो उठून गेल्यावर.

ओरोन्झोने साबणाच्या फेसातून आरशात पाहिलं. तिघांची तोंडं चोरी सापडल्यासारखी झाली होती. त्याला त्यांची दया आली.

"हरलो तर?" त्याने विचारलं.

पोम्पेओच्या जिवात जीव आला. "हरलास तर राखेच्या बुधवारी तू कारेम्मा."

"आणि तू हरलास तर?"

"मी कारेम्मा."

"याला पुरेल एवढं काळं कापड अख्ख्या बाजारात नाही!" इम्माकोलाता म्हणाली, आणि पोम्पेओच्या पोटाकडे बघून सगळे पुन्हा हसले.

कारेम्मा म्हणजे तितोरूची आई. कार्निव्हलच्या दुसऱ्या दिवशी, राखेच्या बुधवारी, ईस्टरपर्यंतचे उपवास लागतात; तेव्हापासून तिची गवताची बाहुली गल्लीगल्लीत टांगतात. अंगात काळे कपडे, एका हातात सूत काढायची चाती आणि दुसऱ्या हातात सात पिसं खोचलेलं संत्रं. दर रविवारी एक पीस उपटायचं. पिसं संपली की ईस्टर आला, दुखवटा संपला. पण कारेम्मा गवताची असते. जिवंत माणसाने घागरा नेसून दिवसभर चौकात बसायचं म्हणजे पुढची दहा वर्षं गावाला पुरेल एवढी थट्टा.

"माझी पाहुणी तर खूश होईल," इम्माकोलाता म्हणाली. तिने घरातल्या दोन खोल्या प्रवाशांना भाड्याने दिल्या होत्या. "तोरिनोची बाई आहे, शाळेतून निवृत्त झालेली. फेब्रुवारीत समुद्र बघायला आलीय! दिवसभर भिंतीला हात लावून फिरते. म्हणते, किती जुनं, किती जुनं. म्हटलं बाई, माझे गुडघे बघा." मग आवाज खाली आणून म्हणाली, "ओरोन्झो, तुमची ती वरची खोली... उन्हाळ्यात लोक वाट्टेल तेवढे देतात रे. तू एकदा कोन्सिल्याशी..."

"तोंड पूस माझं, पोम्पेओ," ओरोन्झो म्हणाला. "आणि मी मरायला तयार आहे म्हणून सांग सगळ्यांना."

*

वरची खोली फेदेलेची होती. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात कोळंबीला गेलेली त्याची होडी दक्षिणेच्या वाऱ्यात सापडली. होडीत तिघं होते. दोघं सापडले. बंदरातल्या अधिकाऱ्याने विचारलं होतं, पोराच्या अंगावर काय होतं? कोन्सिल्याने सांगितलं, करडे लोकरी मोजे, वर लाल पट्टा. मी विणलेत. बापाला एक जोड, पोराला एक. शर्ट कुठला, पँट कुठली, तिला आठवेना. मोजे तेवढे पक्के.

मोजे सापडले नाहीत. आणि कोन्सिल्याचा हिशोब सरळ होता. सापडला नाही म्हणजे मेला नाही.

त्या गावात नवरा गेला तरी बायका मरेपर्यंत काळं नेसतात. कोन्सिल्या निळा झगा घालून बाजारात जायची. पाद्री सांगायला आले की, देह नसला तरी मिस्सा, मेलेल्यासाठीची चर्चमधली प्रार्थना, करता येते. तिने त्यांना कॉफी पाजली आणि म्हणाली, "आमच्या घरात कुणी मेलं नाही, फादर." शेजारणी रिवाजाप्रमाणे सूप आणि भाकरी घेऊन आल्या, कारण दुखवट्याच्या घरात चूल पेटवत नाहीत. तिने दारातच सांगितलं, "मी स्वयंपाक केलाय," आणि दार लावून घेतलं. ओरोन्झोने चार दिवस दाढी केली नाही, तेव्हा तिने वस्तऱ्याकडे बोट दाखवलं. "कुणासाठी वाढवतोयस?" बाप्ये दाढी वाढवतात ती दुखवट्यातच. तेव्हापासून ओरोन्झो रोज सकाळी पोम्पेओकडे जाऊन तुळतुळीत होऊन यायचा. गाव म्हणायचं, बाप बघा कसा निर्मळ चेहऱ्याने फिरतो.

तिने एक टिपूस काढलं नाही. तेही ओरोन्झोने सोसलं असतं. पण ती हसायचीही थांबली. घरात भांड्यांचा आवाज होता, झाडूचा होता, वरच्या खोलीत गादी उलटीपालटी केल्याचा होता. माणसाचा नव्हता. रोज तिसरं ताट मांडलं जायचं आणि रोज तसंच उचललं जायचं.

त्याला पैज जिंकायची नव्हती. त्याला फक्त गाडी घरापाशी आली की उंबऱ्यावरून एक आवाज ऐकायचा होता. एक हसू. त्यासाठी तो सॉसेज तर काय, अख्खं डुक्कर दातांत झेलायला तयार होता.

"मंगळवारी मी तितोरू होतोय," जेवताना त्याने सांगितलं.

कोन्सिल्याने तिसऱ्या ताटात पास्ता वाढला. "थंडी आहे. पेटीत वारा लागेल."

"तू येशील ना दारात?"

"बघू."

"पोम्पेओशी पैज लागलीय. हरलो तर मी कारेम्मा. घागरा नेसून चौकात."

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. ओठाचा कोपरा हलल्यासारखा वाटला. पण ती फक्त दातात अडकलेलं काहीतरी काढत होती.

मंगळवारी सकाळी तिने त्याच्या उशाशी लोकरी मोजे ठेवले. करडे, लाल पट्ट्याचे. दोन वर्षांत त्याने ते घातले नव्हते. कपाटात तळाशी, कागदात गुंडाळून लपवलेले त्याने. "थंडी आहे," ती पुन्हा म्हणाली.

*

पुलावर त्याला पेटीत निजवलं. अंगात जुना फौजी कोट, गालांना पीठ, छातीवर हातांची घडी आणि घडीत मटणाचा एक गोळा. नुन्त्सिओने छडी हलवली. बँडने अंत्ययात्रेची चाल इतक्या झपाट्याने धरली की मेलेला सुद्धा उडी मारून उठावा.

ओरोन्झोने डोळे मिटले. मग जे काही होतं ते कानांनी.

"हाय रे माझ्या गोळ्या!" घागरेवाल्यांतला एक किंचाळला. "मेलास तो मेलास, माझ्या वाटचे गोळे घेऊन मेलास!"

"डॉक्टरला बोलवा!"

"डॉक्टरनेच मारला!"

"ओरोन्झो, तुझी सासू आलीय रे, मुक्कामाला!"

पोटात हसू गोळा होऊ लागलं, उकळत्या कॉफीसारखं. त्याने दात आवळले. अजून नाही. घरापाशी. कुणीतरी नाकाखाली मिरी उधळली. त्याने श्वास रोखला आणि मनातल्या मनात जाळ्याची भोकं विणत राहिला. एक गाठ, एक भोक, एक गाठ. पोम्पेओ गाडीच्या कडेने धापा टाकत चालला होता. "वा कुम्पा! जिवंतपणी एवढा शहाणा असतास तर!"

गाडी आपल्या गल्लीत वळली हे त्याला वासावरून कळलं. ओल्या भिंती, इम्माकोलाताच्या कढईतलं तेल, आणि गल्लीच्या टोकाचा समुद्र. त्या वळणावर चाक दर वर्षी अडकतं, तसं यंदाही अडकलं. नेमकं त्याच्या घरासमोर.

आता! त्याने ठरवून टाकलं होतं. गोळा तोंडात टाकायचा, उठून बसायचं आणि म्हणायचं, "कोन्सिल्या, मीठ कमी आहे!" पैज गेली खड्ड्यात.

पण पोम्पेओने घाई केली. "थांबा! मेलाय का नाही ते मी बघतो." त्याने ओरोन्झोचे बूट ओढून काढले आणि कोंबडीचं पीस तळव्यांवर फिरवायला घेतलं. लोकरीमुळे काही लागेना. गर्दी ओरडू लागली, "मोजे काढ! मोजे काढ!"

तेवढ्यात उंबऱ्यावरून एक परका आवाज आला. हळू, उत्तरेकडच्या हेलाचा, शाळेतल्या बाईसारखा स्पष्ट.

"माफ करा हं. कोण गेलं?"

इम्माकोलाताची पाहुणी! बिचारीने गर्दीच्या मागून घागरे पाहिले, पेटी पाहिली, पेटीतून बाहेर आलेले पाय पाहिले. उत्तरेत असलं काही नसतं. इम्माकोलाता सांगायला धावली, "अहो बाई, हे नुसतं..."

"माझा मुलगा," कोन्सिल्या म्हणाली.

गल्लीत कुणीतरी हसलं. काहींना वाटलं, आली बाई रंगात. बायकोच कारेम्मा झाली!

"अरेरे," पाहुणी म्हणाली. "किती वर्षांचा?"

"चोवीस."

"तुमच्या दुःखात मीही आहे हो." आणि लोकरीच्या हातमोज्याने हात धरल्याचा मऊ आवाज झाला. गेल्या दोन वर्षांत हे वाक्य त्या उंबऱ्यावर घेऊन आलेल्या प्रत्येकाच्या तोंडावर दार लागलं होतं.

दार लागलं नाही. पावलं आली. बायकांच्या लाकडी चपलांची, ओळखीची, त्याने जन्मभर ऐकलेली. पोम्पेओचा हात पायांवरून निघून गेला आणि दुसरे दोन हात आले. त्यांनी मोज्यांचा लाल पट्टा चाचपला. गाठ जिथे मारली होती तिथे बोट थांबलं.

"आलास होय?" कोन्सिल्या म्हणाली. "आलास? किती वाट बघायला लावलीस रे, गाढवा."

घागरेवाल्यांनी तालात "हाऽऽय हाऽऽय" केलं. मग त्यांतल्या एकाचा आवाज मध्येच चिरकला आणि बंद पडला. नुन्त्सिओची छडी खाली आली. ढोल एकटाच दोनदा वाजला आणि शरमून थांबला.

"बघ पाय कसे गार पडलेत. सांगितलं होतं, दोन-दोन जोड घाल. ऐकलंस कधी? बापासारखा. आईचं बोलणं म्हणजे वारा." तिने दोन्ही तळवे हातांत धरून चोळायला सुरुवात केली. "रोज वाढलं तुझं ताट. रोज गार झालं. शर्टांना इस्त्री करून ठेवलीय. आता कोण घालणार ते? सांग ना! तोंडात काय गोळा अडकलाय?"

ओरोन्झोला उठायचं होतं. असली थट्टा कुणाला हवी होती! त्याचं डोकं उशीवरून केसभर उचललं गेलं असेल. तेवढ्यात तिचं तोंड त्याच्या कानाशी आलं. तिच्या श्वासाला कॉफीचा वास होता. ती वेडी झाली नव्हती. पेटीत कोण आहे हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"हलू नकोस, ओरोन्झो," ती फक्त त्याला ऐकू जाईल एवढं म्हणाली. "तुझ्या पाया पडते. एवढं एकदा हलू नकोस."

मग तिने पाय छातीशी धरले आणि गळा काढला.

तो हलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला मेलेलं राहता आलं. एक गाठ, एक भोक, एक गाठ. ती पोराला शिव्या देत होती, समुद्राला देत होती, होडीच्या मालकाला देत होती, आणि मध्येच लहानपणी त्याला गोवर आला होता त्याचं काहीतरी सांगत होती. गल्ली ऐकत होती. इम्माकोलाता आता मोठ्याने रडत होती आणि पाहुणी तिला विचारत होती, "तुमचा कोण लागायचा?" आणि इम्माकोलाता म्हणाली, "शेजारचा हो. पोरगा शेजारचा."

ओरोन्झोच्या मिटल्या पापण्यांतून पाणी निघालं, पिठातून वाट काढत कानांत गेलं, कानांत साचलं. पुसायला हात उचलता येत नव्हता. कुणीतरी आपला रुमाल त्याच्या तोंडावर टाकला. त्या रुमालाला दाढीच्या साबणाचा वास होता.

चाक सोडवलं गेलं. कोन्सिल्या गाडीच्या मागून चालू लागली, जसं पोराच्या पेटीमागून आईने चालायचं असतं तसं, पेटीच्या कडेला हात लावून. नुन्त्सिओने पोरांना काहीतरी खुणावलं असावं. बँडने चाल बदलली. गुड फ्रायडेला येशूच्या पुतळ्यामागून वाजवतात ती चाल, पाऊल टाकायला जड.

चौकात दर वर्षी मुडदा उडी मारून उठतो आणि नाच सुरू होतो. यंदा कुणी नाचायला पुढे आलं नाही. ओरोन्झो रुमालाखाली पडून राहिला. मेलेल्याने उठायचं कसं, हा प्रश्न त्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पडला. शेवटी चौघांनी पेटी उचलून पोम्पेओच्या दुकानात नेली आणि शटर खाली ओढलं.

त्या संध्याकाळी कोन्सिल्याने दोनच ताटं मांडली. तिसरं फळीवरून काढलं होतं. ते धुतलं, पुसलं आणि पुन्हा फळीवर ठेवलं.

*

बुधवारी सकाळी ओरोन्झो दुकानात गेला, पण खुर्चीत बसला नाही.

"ये कुम्पा, ये," पोम्पेओने टॉवेल झटकला. "पैज विसर. मी हरलो म्हण, तू हरलास म्हण, कुणाला काय त्याचं."

"मी हरलो. मेलेला रडतो का?"

"कुणी पाहिलं?"

"तू पाहिलंस. रुमाल कुणी टाकला?"

"मला चष्मा लागतो," पोम्पेओ म्हणाला. "दूरचं दिसत नाही."

"तू एका हातावर होतास."

"जवळचंही दिसत नाही." त्याने उगाच वस्तरा पट्ट्यावर घासला. "अरे, कालच्यानंतर तुला घागरा नेसवून बसवलं तर लोक मला जोड्याने मारतील. बस, दाढी करू दे."

"दाढी नको आज."

पोम्पेओचा हात थांबला. हे वाक्य ऐकण्यासाठी तोही दोन वर्षं थांबला होता, हे दोघांनाही तेव्हाच कळलं.

"कारेम्माची दाढी करतात का, गाढवा?" ओरोन्झो म्हणाला. "पैज म्हणजे पैज. काळं नेसायचं ठरलं होतं. मला नेसू दे."

काळा झगा कोन्सिल्याने काढून दिला. तिच्या आईचा, पेटाऱ्याच्या तळाचा, कापराच्या वासाचा. तिने तो त्याच्या डोक्यावरून घातला, पाठीची बटणं लावली, जिथे लागेनात तिथे पिन टोचली. डोक्याला काळा रुमाल बांधून हनुवटीखाली गाठ मारली. गाठ मारताना तिचं बोट त्याच्या खुंटांवरून फिरलं.

सांता आगाताच्या पायऱ्यांसमोर इम्माकोलाताने खुर्ची आणून ठेवली होती. ओरोन्झो बसला, एका हातात चाती, दुसऱ्यात सात पिसांचं संत्रं. झगा आखूड होता. नडगीच्या खाली लाल पट्ट्याचे मोजे दिसत होते.

कपाळावर राखेचा क्रूस घेऊन लोक चर्चमधून बाहेर येऊ लागले. पुलापलीकडून आलेले दोन प्रवासी फोन उंचावून हसले, फोटो काढले. त्यांतला एक त्याच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला आणि त्याने दोन बोटं वर केली. ओरोन्झोने त्याला जोडीने फोटो काढू दिला. त्यांना काय ठाऊक!

गावाला ठाऊक होतं. गाव पायऱ्यांवर थबकलं. हसायचं की नाही, कुणालाच कळेना.

आधी पोम्पेओ पुढे आला. काल ज्याची थट्टा केली त्याच्यासमोर, त्या खुंटवाल्या म्हातारीसमोर, त्याने टोपी काढली आणि हात पुढे केला. "तुझ्या दुःखात मी आहे, कुम्पा," तो म्हणाला. मग म्हणाला, "पोरगा माझाही होता."

ओरोन्झोने चाती काखेत मारली आणि हात धरला.

पोम्पेओ बाजूला झाला नाही. घरच्या माणसासारखा खुर्चीच्या उजवीकडे उभा राहिला. मागून नुन्त्सिओ आला. मग इम्माकोलाता, झाकलेलं सुपाचं भांडं घेऊन. "घरी ठेवते," म्हणाली, "आज चूल पेटवू नका." मग धक्क्यावरचे, जाळ्यांचे, बर्फाचे, होडीवाले. कालचे घागरेवाले पँट घालून आले आणि घागऱ्यातल्या माणसाचा हात धरून तेच वाक्य बोलून गेले. रांग कुणी लावायला सांगितली नव्हती. कुणी झग्याकडे पाहिलं नाही. एका कोळ्याला मात्र राहवलं नाही. तो वाकून पुटपुटला, "ओरोन्झो, काळा रंग खुलतो रे तुला." ओरोन्झो म्हणाला, "तुझ्या बायकोलाही सांग तसं, तिलाही लवकर नेसू दे." दोघं हसले आणि हसता हसता दोघांचेही डोळे भरले.

शेवटी तोरिनोची पाहुणी आली. तिला रात्री इम्माकोलाताने सगळं सांगितलं असणार. ती लाल झाली होती. "मी काल फार मोठी चूक केली," ती म्हणाली. "माफी मागायला आलेय."

"बाई," ओरोन्झो म्हणाला, "पुढच्या वर्षी पण या."

दुपार झाली. दक्षिणेचा वारा सुटला होता, पिसं हलत होती. लोक जेवायला गेले. पोम्पेओही दुकान उघडायला गेला, पण दुकानाच्या दारातच खुर्ची टाकून चौकाकडे तोंड करून बसला.

तेव्हा कोन्सिल्या आली. निळा झगा नव्हता. गल्लीतून काळ्या कपड्यातली बाई येताना ओरोन्झोने पाहिली आणि क्षणभर त्याला ती ओळखूच आली नाही. तिच्या हातात स्वयंपाकघरातला स्टूल होता. तो तिने त्याच्या खुर्चीला लावून ठेवला आणि बसली. दोघं समोर बघत राहिली. समोर बंद दुकानं होती, आणि त्यांच्या मधल्या फटीत समुद्र.

"रविवारी पहिलं पीस मी काढीन," ती म्हणाली.

"काढ."

"आणि फादरना सांगून आलेय. मिस्सेचं."

ओरोन्झोने मान हलवली.

वारा झग्यात शिरला. कोन्सिल्याने खाली पाहिलं. त्याचा डावा मोजा घसरून घोट्यावर गोळा झाला होता. ती वाकली आणि लाल पट्टा सरळ येईपर्यंत तिने तो वर ओढला.